ओलुमोच्या खडकापासून एनुगूच्या कोळशापर्यंत

लागोसमध्ये नोकरीनिमित्त राहणारी आपली माणसं सुट्टी लागली की सरळ विमानतळ गाठतात. दुबई नाहीतर मुंबई. नायजेरियात बघण्यासारखं काय आहे, असा प्रश्न इथे वर्षानुवर्षं राहिलेलेच जास्त विचारतात. या डिसेंबरात आम्ही दोघांनी ठरवलं की घरी नंतर जाऊ, आधी ज्या देशात राहतो तो जरा बघू. ऑफिसातल्या इग्बो, म्हणजे पूर्वेकडच्या समाजातल्या, सहकाऱ्याने दोन सूचना केल्या: अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा, आणि पूर्वेकडे सोमवारी जाऊ नका, तिकडे २०२१ पासून सोमवारी बंद पाळला जातो. त्या हिशेबाने बेत आखला. सोबत आमचा नेहमीचा ड्रायव्हर. तो योरुबा, म्हणजे या पश्चिम भागातलाच. नवऱ्याला ‘ओगा’ म्हणतो, मला ‘मॅडम’, आणि रस्त्याचे सगळे निर्णय स्वतःच घेतो.

शनिवार: अबेकुटा

लागोसहून उत्तरेला शंभरेक किलोमीटर. हर्मटन सुरू झालेला, म्हणजे सहारातून येणारी कोरडी, धुळकट हवा. ओठ फुटतात, सूर्य दुधाळ दिसतो आणि लांबचे डोंगर दिसतच नाहीत. त्यामुळे ओलुमोचा खडक गावात शिरेपर्यंत दिसला नाही आणि दिसला तेव्हा एकदम अंगावर आला. काळपट ग्रॅनाइटचे अजस्र धोंडे एकमेकांवर रेललेले, खाली घरं चिकटलेली.

ओयोचं साम्राज्य एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ढासळलं आणि योरुबा मुलखात जो तो दुसऱ्यावर उठला. गावं जळत होती, धरलेली माणसं किनाऱ्यावर नेऊन गुलाम म्हणून विकली जात होती. त्या धामधुमीत एग्बा लोक घरदार सोडून निघाले आणि १८३०मध्ये सोदेके या सरदाराच्या मागोमाग या खडकाशी येऊन थांबले. ‘अबेकुटा’ म्हणजे खडकाखाली. गावाने आपला पत्ताच नाव म्हणून लावला.

खडकाच्या पोटात वाकून शिरावं लागतं. आत छत इतकं खाली की पाठ ताठ करता येत नाही. जमिनीच्या दगडात वाटीएवढे गुळगुळीत खळगे आहेत. गाइडने सांगितलं की आश्रयाला आलेल्या बायका यातच धान्य-मिरची वाटायच्या. मी एका खळग्यात हात घालून पाहिला. कड नाहीच, इतका घासलेला. तह, लढाया, सरदार सगळं ऐकलं, पण ‘इथे माणसं बरेच दिवस राहिली’ हे त्या खळग्याने जितकं पटवलं तितकं कशानेच नाही.

मी रत्नागिरीची. माझं बालपण किल्ले चढण्यात गेलं. त्यामुळे डोळे सवयीने तटबंदी शोधत होते, बुरूज, दरवाजा, पाण्याचं टाकं. इथे त्यातलं काही नाही. खडकानेच राखण केली आणि एग्बांनी त्याला देव करून टाकलं. कवड्या लावलेल्या दाराआड त्याचं ठाणं आहे, त्याला नैवेद्य होतो आणि म्हाताऱ्या पुजारणी तिथेच कडेला बसलेल्या असतात. गाइड त्यांना ‘मामा’ म्हणतो आणि वाकून नमस्कार करतो. आम्हीही वाकलो. त्यातल्या एकीने माझ्या नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून काहीतरी म्हटलं, सगळे हसले आणि ड्रायव्हरने त्याचा अर्थ सांगायला साफ नकार दिला.

माथ्यावरून गंजक्या पत्र्यांची छपरं, ओगुन नदी आणि आके भागातलं सेंट पीटर्स दिसतं. नायजेरियातलं ते पहिलं चर्च, पायाभरणी १८४६ची. शेजारच्या दाहोमी राज्याच्या राजाने १८५१ आणि १८६४मध्ये या गावावर चाल केली, दोन्ही वेळा एग्बांनी त्याला परतवून लावलं. नोबेल मिळवणारे लेखक वोले शोयिंका इथलेच, गायक फेला कुटीही इथलाच. पण मला इथे येण्याआधीपासून कुतूहल होतं ते फेलाच्या आईचं. फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांनी बाजारातल्या बायकांना एकत्र करून त्यांच्यावरच्या कराविरुद्ध राजवाड्यासमोर ठाण मांडलं आणि १९४९मध्ये अलाके, म्हणजे इथला राजा, गादी सोडून गावाबाहेर गेला. पुढे तो परत आला, पण बायकांवरचा कर गेला तो गेलाच.

संध्याकाळी इतोकूच्या बाजारात आदिरे कापड. कसाव्याच्या पिठाची खळ कोंबडीच्या पिसाने कापडावर काढायची, निळीत बुडवायचं, वाळल्यावर खळ खरवडायची. जिथे खळ होती तिथे पांढरी नक्षी उरते. मी घेतलेल्या कापडावर चमचे आणि खांब होते. विक्रेतीने सांगितलं, हे खांब इबादानच्या मापो हॉलचे. बरं झालं, उद्या तिथूनच जायचं होतं.

रविवार: इबादान, ओशोग्बो

मापो हॉलचे खांब पाहिले. कापडावर जास्त चांगले दिसतात.

इबादान १८२९मध्ये लष्करी छावणी म्हणून वसलं आणि छावणीसारखंच पसरत गेलं. कोको हाउस ही सव्वीस मजली इमारत १९६५ची. कोकोच्या पैशावर पश्चिम नायजेरियाने काय काय उभारलं याची ती खूण. रविवार असल्याने अर्धं शहर चर्चमध्ये आणि उरलेलं चर्चच्या बाहेर गाड्या लावत होतं. एका ठेल्यावर आकारा घेतला: चवळी भिजवून, सालं काढून, वाटून तळलेले वडे. मांस न खाणाऱ्याला इथे आकारा, भाजलेली केळी आणि शेंगदाणे यांवर दिवस काढता येतो. रश्श्यात मात्र सुकट असतेच, विचारून उपयोग नाही, ‘नो मीट’ म्हणजे ‘मासे चालतील’ असाच अर्थ घेतात.

दुपारी ओशोग्बोच्या देवराईत शिरलो. ओशुन देवीच्या नावाच्या नदीकाठी पंचाहत्तर हेक्टर राखलेलं जंगल, २००५पासून जागतिक वारशात. आत शिरल्याबरोबर हवा गार आणि ओलसर झाली, हर्मटन जणू फाटकाबाहेरच राहिला. झाडांत माकडं, आणि झाडांतच सिमेंट-मातीच्या प्रचंड मूर्ती: पसरलेले हात, डोळ्यांऐवजी भोकं, अंगावर शेवाळ. या मूर्तींमागे सुझान वेंगर आहेत, ऑस्ट्रियन चित्रकार. १९५०मध्ये नवऱ्याबरोबर नायजेरियात आल्या, ओशोग्बोत ओरिशांच्या, म्हणजे योरुबा देवतांच्या, पुजारीण झाल्या आणि २००९मध्ये इथेच वारल्या. राईत तेव्हा शेती घुसत होती, मूर्ती ढासळल्या होत्या. वेंगर यांनी आदेबिसी अकांजींसारख्या स्थानिक कारागिरांना हाताशी धरून मूर्ती उभ्या केल्या आणि राई वाचली. परदेशी बाईने दुसऱ्यांच्या देवांना स्वतःच्या मनासारखी रूपं द्यावीत का, हा प्रश्न मला पडलाच. पण देवीच्या सेवेतल्या माणसांना तो पडलेला दिसला नाही. वेंगर यांना ते ‘आदुन्नी’ म्हणतात आणि त्यांच्या लेखी ती त्यांचीच.

ऑगस्टमधल्या उत्सवात एक कुमारिका डोक्यावर झाकलेला भोपळा घेऊन राजवाड्यापासून नदीपर्यंत चालते आणि ब्राझील-क्यूबाहूनही माणसं येतात, कारण गुलामांबरोबर ओशुनही तिकडे गेली होती. नदी मात्र तांबूस गढूळ वाहते आहे. वरच्या अंगाला सोन्यासाठी चाललेल्या खणाखणीने ही दशा झाली. देवीचं पाणी औषध म्हणून पिणाऱ्यांना ते पिऊ नका असं सांगायची वेळ आली. तरी आमच्यासमोर एका बाईने बाटली भरून घेतलीच.

सोमवार: इले-इफे

योरुबांच्या मते जग इथे सुरू झालं. सगळीकडे पाणीच पाणी होतं, ओदुदुवा साखळीवरून खाली उतरला, मूठभर माती टाकली आणि पाच बोटांच्या कोंबड्याने ती उकरून पसरवली. तीच जमीन.

ओनीच्या, म्हणजे इथल्या राजाच्या, वाड्याशेजारी संग्रहालय आहे. १९३८मध्ये वाड्याजवळच्या वुनमोनिजे वाड्यात घराचा पाया खणताना धातूची डोकी सापडली. मूळ डोकी आता काही इथे, काही लागोसला, एक ब्रिटिश म्युझियममध्ये. शांत डोळे, भरलेले ओठ, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत बारीक उभ्या रेघा इतक्या सारख्या अंतराने की शेताच्या नांगरटीची आठवण व्हावी. बाराव्या ते पंधराव्या शतकातलं हे काम. १९१०मध्ये जर्मन संशोधक लिओ फ्रोबेनियस इथे आला, अशी डोकी पाहून थक्क झाला आणि ही बुडालेल्या अटलांटिसच्या ग्रीक वसाहतीची उरलीसुरली खूण असावी, असा निष्कर्ष काढून मोकळा झाला. समोर योरुबा माणसं उभी असताना त्याला समुद्राच्या तळाशी जावं लागलं!

ओरान्मियानचा सोटा पाहिला. साडेपाच मीटर उंच ग्रॅनाइटचा खांब, अंगात लोखंडी खिळे ठोकलेले. ओयो उभारणारा आणि बेनिनच्या राजघराण्याचा मूळपुरुष हा ओरान्मियानच, असं मानतात. दुपारनंतर अकुरेला मुक्काम.

मंगळवार: इदान्रे

आज खरा डोंगर. ओंडो राज्यात इदान्रेच्या भोवती गुळगुळीत काळे कातळ उघडे-बोडके उभे आहेत, मधल्या घळींत हिरवं जंगल. साडेसहाशेच्या वर पायऱ्या आहेत, मधे मधे विसावे. पहिल्या विसाव्याला नवरा म्हणाला, ‘रायगडापेक्षा सोपं आहे.’ तिसऱ्याला काही बोलला नाही.

वर गाव आहे. होतं. पायवाट, राजाचा वाडा, शाळा, न्यायालय, एक छोटा तुरुंग, सगळं रिकामं. इदान्रेचे लोक शेकडो वर्षं या माथ्यावर राहिले, शत्रूला चढून येणं अवघड म्हणून. लढाया संपल्या, खाली रस्ता झाला, बाजार झाला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गाव उठून पायथ्याला आलं. वाड्याच्या पडवीला कोरीव लाकडी खांब आहेत: मूल पाठुंगळी घेतलेली बाई, घोडेस्वार, रंग उडालेले पण नाकीडोळी शाबूत. ड्रायव्हर खाली थांबेल असं वाटलं होतं, पण तो आमच्या आधी वर पोचून त्या खांबांशी फोटो काढून घेत होता.

न्यायालयाची खोली आणि तुरुंग बघताना मला हसू आलं. इंग्रज साहेब एवढ्या पायऱ्या चढून न्याय द्यायला येत असतील आणि धापा टाकत निकाल सांगत असतील. त्यांनाच गाव खाली हवं असणार, यात मला तरी शंका नाही. डोंगरावर राहणारा माणूस कर लवकर भरत नाही, हे सह्याद्रीनेही शिकवलेलं आहे.

एका कातळावर अगबोगुनचं पाऊल आहे. कोणाचाही पाय त्यात नेमका बसतो, चेटकिणीचा सोडून, असं म्हणे. माझा बसला. गाइडने मान डोलावली, नवऱ्याने उगाच दोनदा खात्री करून घेतली.

गाव उठलं तरी डोंगर सोडलेला नाही. राजा सणाला वर येतो, जुन्या ठाण्यांची पूजा होते. ओलुमोला जे पाहिलं तेच इथे जास्त ठळक झालं. आपल्याकडे डोंगराचा गड झाला आणि राजाचं नाव लागलं. इथे डोंगरच वडीलधारा आणि राजा त्याचा पाहुणा.

बुधवार: बेनिन सिटी

योरुबा मुलूख मागे पडला, भाषा बदलली. इथे एडो लोक. जमीन सपाट, माती लाल. आडोसा द्यायला खडक नाही, म्हणून या लोकांनी तो खणून काढला. खोल खंदक आणि उपसलेल्या मातीचा बाजूला बांध, अशी रचना शहराभोवती आणि आसपासच्या गावांभोवती कित्येक कोस पसरलेली. आतला मोठा खंदक पंधराव्या शतकात एवारे या ओबाने, म्हणजे इथल्या राजाने, खणवला. जिथे शाबूत आहे तिथे तळापासून बांधाच्या माथ्यापर्यंत पाहायला मान वर करावी लागते. जिथे नाही तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि फुटके टायर.

फेब्रुवारी १८९७मध्ये खंदकाचा उपयोग झाला नाही. महिनाभर आधी ब्रिटिश अधिकारी फिलिप्स नको सांगितलेलं असतानाही सणाच्या काळात राजधानीकडे निघाला आणि वाटेत मारला गेला. त्याचा सूड म्हणून नौदलाची फौज आली, शहर जळलं, राजवाड्यातून हजारो पितळी पत्रे, डोकी, हस्तिदंत उचलून नेले आणि मोहिमेचा खर्च काढायला लंडनमध्ये विकले. ओबा ओवोनरामवेन यांना कालाबारला हद्दपार केलं. १९१४मध्ये ते तिथेच वारले.

हे ऐकताना मला आमच्या गावचा थिबा पॅलेस डोळ्यांसमोर आला. ब्रह्मदेशाचा राजा थिबाला इंग्रजांनी १८८६मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं आणि १९१६मध्ये तो तिथेच गेला. म्हणजे काही वर्षं दोन हद्दपार राजे दोन समुद्रकाठच्या गावांत एकाच सरकारच्या पहाऱ्यात बसून होते. थिबाच्या मागे गादी उरली नाही. बेनिनची उरली: १९१४मध्येच ओवोनरामवेन यांचा मुलगा एवेका दुसरा म्हणून गादीवर बसला, आणि आजही ओबा आहेत.

इगुन रस्त्यावर ओतारी अजून काम करतात. धंदा वंशपरंपरेचा, बाहेरच्याला शिरकाव नाही. एका अंगणात थांबून सगळं पाहिलं. मातीचा गाभा, त्यावर मेणाचा थर, मेणावर बारीक नक्षी, वरून पुन्हा माती. भट्टीत ठेवलं की मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत पितळ ओततात. पितळ कुठलं? जुने नळ, मोडीतले गाडीचे रेडिएटर. म्हातारा ओतारी मेणाची वळी मांडीवर वळत होता, शेवया वळाव्यात तितक्या सहज, आणि बोलताना हाताकडे बघतही नव्हता. लंडनहून वस्तू कधी येणार, असं नवऱ्याने विचारलं. तो म्हणाला, ‘आल्या तर बघू. आम्ही तोवर करतोच आहोत.’ जर्मनीने २०२२मध्ये वीसेक वस्तू परत केल्या, नेदरलँड्सने २०२५मध्ये ११९. ब्रिटिश म्युझियमने अजून मन मोठं केलेलं नाही. परत आलेल्या वस्तू कोणाच्या ताब्यात असाव्यात, यावरून इथे वेगळंच जुंपलेलं आहे.

गुरुवार: नायजर ओलांडून

असाबा ते ओनित्शा. मधे नायजर, रुंद आणि संथ. जुना पूल १९६५चा. दोनच वर्षांनी यादवी सुरू झाली आणि बियाफ्राच्या, म्हणजे देशातून फुटून निघालेल्या पूर्व भागाच्या, माघार घेणाऱ्या सैन्याने त्याचा भाग उडवून दिला. १९६७च्या त्याच ऑक्टोबरात असाबात सरकारी सैन्याने शेकडो निःशस्त्र पुरुषांना ओळीत उभं करून मारलं. आमचा ड्रायव्हर एरवी अखंड बोलतो, इथे त्याने रेडिओ बंद केला. नवा पूल २०२३चा, गाडी भुर्रकन पार जाते.

या नदीवरून देशाचं नाव सुचवलं लंडनच्या एका पत्रकार बाईने, फ्लोरा शॉ यांनी, १८९७मध्ये. पुढे त्यांनी लुगार्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि त्याच लुगार्डने १९१४मध्ये उत्तर-दक्षिण जोडून एक देश केला. लुगार्डचा जन्म मद्रासचा. कुठला माणूस कुठे काय जोडून ठेवतो!

शुक्रवार: ओग्बुनिके, इग्बो-उक्वू

सकाळी ओग्बुनिकेच्या गुहा. तीनशेच्या वर पायऱ्या, पण या वेळी खाली उतरायच्या. तोंडाशी चपला काढायच्या आणि पाळी चालू असलेल्या बाईने आत जायचं नाही. गाइडने मला खाली बघत विचारलं. इतक्या लांब येऊन हाच प्रश्न! असो, आत गेले.

पायाखाली वटवाघळांच्या विष्ठेचा मऊ चिखल, डोक्यावर त्यांचीच कुजबुज, बॅटरीच्या उजेडात गाळाचा लालसर दगड. एका बोगद्यात गुडघ्यांवर सरपटावं लागलं. बाहेर आलो तिथे गार पाण्याचा ओहोळ आहे. गुलाम पकडणाऱ्यांपासून आणि नंतर यादवीतल्या विमानांपासून लोक इथे लपले, असं गाववाले सांगतात. इथेही ठाणं आहे, इथेही उत्सव होतो. शेजारचं गाव ओगिदी, कादंबरीकार चिनुआ अचेबेंचं.

दुपारी सहकाऱ्याच्या गावी. त्याचे काका घरातले वडीलधारे. त्यांच्या पुढ्यात कोला फळ आलं, त्यांनी ते हातात धरून लांबलचक प्रार्थना इग्बोत केली. कोलाला इंग्रजी कळत नाही, त्यामुळे पाहुण्यांसाठीही भाषा बदलत नाहीत. मग फोडलं. चार पाकळ्या निघाल्या आणि सगळ्यांचे चेहरे खुलले, कारण इग्बोंचा आठवडा चार बाजारांचा: एके, ओरिए, आफो, न्क्वो. बाईने कोला फोडायचा नाही, खायला हरकत नाही. तुरट-कडू, पण मागून पाणी प्यायलं की गोड लागतं.

इग्बो-उक्वू तिथून जवळ. १९३८च्या सुमारास इसाया अनोझी नावाचा शेतकरी अंगणात पाण्याची टाकी खणत होता, तर कुदळीला ब्राँझची भांडी लागली. पुढे पुरातत्त्वज्ञ थर्स्टन शॉ यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. नवव्या शतकातलं काम निघालं, म्हणजे इफेच्याही आधीचं, आपल्याकडे राष्ट्रकूट होते तेव्हाचं. एका खड्ड्यात हस्तिदंतांसोबत बसवून पुरलेला कोणी मोठा माणूस होता आणि एकूण दीड लाखाहून अधिक मणी मिळाले. त्यातले काही भारतातून गेले असावेत असं शॉ यांना वाटलं होतं. मूळ वस्तू लागोसच्या संग्रहालयात मी आधी पाहिल्या होत्या. दोरीच्या जाळीत बसवलेलं भांडं, दोरीसकट ब्राँझचं, आणि शंखावर नखाएवढ्या माश्या बसलेल्या, त्यांचे पंखही ओतलेले. इथे येऊन पाहिलं तर साधं अंगण, कोंबड्या, वाळत घातलेले कपडे. राजधानी नाही, तट नाही, फौज नाही. जवळच्या न्रीचा राजाही धर्माधिकारावर राज्य करायचा, सैन्यावर नाही.

शनिवार: एनुगू

मिलिकन टेकडीच्या वळणांवरून खाली शहर दिसतं. या डोंगरांत १९०९मध्ये कोळसा सापडला आणि शहर वसलं ते त्यासाठीच. आतापर्यंत पाहिलेल्या प्रत्येक डोंगराने माणसं पोटात घेऊन वाचवली होती. इथे माणसं पोटात पाठवली ती कोळसा काढायला. थकलेला पगार मागणाऱ्या इव्हा खोऱ्यातल्या खाणकामगारांवर १८ नोव्हेंबर १९४९ला पोलिसांनी गोळीबार केला, एकवीस जण मेले. देशाच्या स्वातंत्र्यलढ्याने त्यानंतर जोर धरला. खाणी आता बंद आहेत, तोंडाशी गवत.

उमुआहियाचं युद्ध संग्रहालय राहिलं, विमान दुपारचं होतं. गाडी ड्रायव्हर एकटाच परत नेणार होता. विमानतळाच्या वाटेवर बाईकडून केळीच्या पानातला गरम ओकपा घेतला: बांबारा शेंगांचं पीठ, पामतेल आणि मिरची घालून उकडलेलं, पिवळंधमक. शाकाहारी, आणि या आठवड्यात खाल्लेलं सगळ्यात चांगलं. ड्रायव्हरने एक घास खाऊन ‘आकाराची सर नाही’ असा निकाल दिला आणि वाटेत भूक लागेल म्हणून आणखी चार बांधून घेतले.